पगारपत्रकासमोर शिकलेलं समाधान

फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल सांगतो की, असेन त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. हे लिहिताना तो कैदेत होता. जुन्या परंपरेप्रमाणे रोममध्ये, इ.स. ६० ते ६२ च्या सुमारास. ज्याला दमिष्काच्या वाटेवर प्रभूने स्वतः गाठलं त्यालाही समाधान शिकावं लागलं, ही गोष्ट मला फार धीर देते. विश्वास ठेवल्याबरोबर मन शांत झालं नाही, तर आपल्या विश्वासातच खोट आहे असं समजायचं कारण नाही. आपलं शिकणं अजून चालू आहे, इतकंच.

त्याच फिलिप्पै शहरात पूर्वी पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलं होतं, त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करत होते, गीतं गात होते (प्रेषितांची कृत्ये १६). त्या रात्री तुरुंगाच्या अधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला. पुढे हे पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा तो अधिकारी तिथे बसला असेल, तर पौलाच्या समाधानाविषयी त्याला कोणी काही पटवून द्यायची गरज पडली नसेल.

मी एका कार्यालयात पगारपत्रक बनवते. कोणाला किती वाढ मिळाली, कोणाची रोखली गेली, कोणाच्या पगारातून कर्जाचा हप्ता कापला जातो, कोणाची बिनपगारी रजा पडली, हे त्या माणसाच्या घरी कळण्याआधी मला कळतं. शुक्रवारी संध्याकाळी मंडळीतल्या तरुण मुलामुलींचा पवित्र शास्त्राचा अभ्यासही घेते. तिथे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "ताई, प्रभूवर विश्वास आहे, प्रार्थना करतो, तरी मन भरत का नाही?" त्यांना जे सांगते, तेच इथे जमेल तसं क्रमाने लिहिते आहे.

आधी बघा, मन कुठे धावतं

उपदेशक या पुस्तकाचा दुसरा अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचा. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. लिहिणारा आपण काय काय केलं ते मोजतो: घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, झाडांना पाणी द्यायला तळी खोदली, सोनंरुपं साठवलं, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या. डोळ्यांना जे हवंसं वाटलं ते त्यांना नाकारलं नाही, असं तो स्वतः सांगतो. आणि त्यातून आनंद झाला, हेही तो कबूल करतो. मग थांबून या सगळ्याकडे पाहिल्यावर त्याला ते व्यर्थ वाटतं, वाऱ्यामागे धावल्यासारखं.

आनंद झाला होता, हे त्याने लपवलेलं नाही, म्हणून मला त्याचं म्हणणं खरं वाटतं. जगातली मजा खोटीच असते असं तरुणांना सांगितलं, की ती ऐकून घेतात आणि मनातल्या मनात हसतात. कारण प्रवासात, खेळात, नव्या कपड्यात मजा आलेली त्यांनी अनुभवलेली असते. मजा खरीच असते. फक्त आपण तिच्याकडून असं काही मागतो जे देणं तिच्या हातात नसतं: मी कोणाला तरी हवी आहे ही खात्री, माझ्या चुकांची क्षमा, उद्याची भीती जाणं. संध्याकाळची दोन तासांची मजा हे ओझं उचलू शकत नाही. मग आपण चार तासांची मजा शोधतो.

म्हणून पहिला आठवडा काहीही सोडू नका. एक वही घ्या आणि रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज थकल्यावर किंवा कंटाळल्यावर मी कशाकडे वळले, त्याआधी मनात काय चाललं होतं, आणि नंतर काय उरलं. आमच्या गटातल्या एका मुलीने लिहिलं होतं: रात्री अकरा, खरेदीचं अ‍ॅप. घेतलं काहीच नाही, नुसत्या वस्तू बाजूला काढून ठेवत बसले. त्याआधी: आईशी फोनवर वाद झाला, बोलणं अर्धवट तुटलं. नंतर: डोळे दुखले, बोलणं अजून अर्धवटच. तिने ते वाचून दाखवलं आणि पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. ती बाहेर जाऊन आईला फोन करून आली.

भुकेचं नाव कळलं की प्रार्थनेत ते नाव घेता येतं. "प्रभू, मला शांती दे" या प्रार्थनेपेक्षा "प्रभू, आईला मी नकोशी झाले आहे असं मला वाटतं, माझ्याजवळ बस" ही प्रार्थना जास्त खरी आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईशी आधी पाण्याविषयी, तहानेविषयी बोलतो, आणि मग तिच्या पाच नवऱ्यांविषयी. तहान लागली म्हणून तो तिच्यावर रागावत नाही. ती कुठे कुठे पाणी शोधत फिरली, ते मात्र तिच्यासमोर ठेवतो, आणि मग जिवंत पाणी देणारा मीच आहे हे तिला कळू देतो.

पाया पक्का करा

इच्छा कमी करत जा म्हणजे समाधान मिळेल, असं सांगणारे खूप आहेत. थोडं मिळतंही. पण शास्त्र समाधानाचं कारण वेगळं देतं. इब्री लोकांस पत्रात १३:५ मध्ये जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा असं म्हटल्यावर लगेच कारण येतं: मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही, असं देवाने स्वतः म्हटलं आहे. तेविसाव्या स्तोत्रात "मला काही उणे पडणार नाही" याच्या आधी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" येतं. समाधानाचं कारण म्हणजे कोणीतरी आपल्याबरोबर असणं. ते कारण काढून टाकलं, तर उरतं ते नुसतं मन मारणं, आणि मन मारून कोणी फार दिवस शांत राहत नाही.

त्यामुळे देवाशी काही बाकी असेल तर आधी तिथून सुरुवात करा. मनात एखादी लपवलेली गोष्ट असेल, कोणाचं काही लुबाडलं असेल, कोणाला क्षमा करायची राहिली असेल, तर त्यावर कितीही उपकारस्तुती केली तरी आतली टोचणी जात नाही. आपली बरीचशी करमणूक त्या टोचणीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून असते. १ योहान १:९ वाचा, पाप नाव घेऊन कबूल करा, आणि क्षमा मिळाली हे ख्रिस्ताच्या वधस्तंभावरून माना, मनाला कसं वाटतं त्यावरून मानू नका. मग रोमकरांस पत्र ८:३२ वाचा. ज्याने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही तो बाकीचं हातचं राखून का देईल, हा पौलाचा प्रश्न मी कठीण दिवसांत स्वतःला मोठ्याने विचारते.

सकाळ एका दिवसापुरती

निर्गमच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएलांना मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळतो. दरडोई एक ओमर (तेव्हाचं एक माप), रोज सकाळी गोळा करायचा. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवून पाहिला तर त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा दिवस विसाव्याचा. चाळीस वर्षं हे असंच चाललं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण आजच्याच भाकरीची मागणी करतो.

माझी रीत अशी आहे. फोन रात्री दुसऱ्या खोलीत राहतो. सकाळी उठल्यावर पहिले शब्द वाचायचे ते एका स्तोत्राचे. सावकाश, ओठ हलवत. त्यातली एक ओळ निवडून कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची आणि कामावर संगणकाच्या कडेला चिकटवायची. मग प्रार्थना, आणि त्यात आजच्या पलीकडचं काही मागायचं नाही. महिनाअखेरीला पगाराचं काम तुंबलेलं असतं, तेव्हा मी नेमक्या शब्दांत मागते: आज आकडे जुळवायला लक्ष दे, हिशोब विचारायला येणाऱ्याशी नीट बोलू दे. पुढच्या वर्षीची, म्हातारपणाची काळजी मनात आली की तिला सांगते, तुझा मान्ना अजून पडलेला नाही.

कामात देवाची आठवण राहत नाही ही तक्रार बरेच जण करतात. १७ व्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस स्वयंपाकघरात राबायचा, आणि भांड्यांच्या गोंगाटातच देवाशी बोलत राहायचा. प्रार्थनेसाठी निराळी पवित्र जागा लागतेच असं नाही, हे त्याच्याकडून शिकावं. मी तक्त्याचं एक पान संपलं की एक वाक्य बोलते. पुरतं.

तुलना

सगळ्यात जास्त मेहनत इथे लागते, म्हणून जरा थांबून लिहिते.

वाढीच्या महिन्यात माझ्यासमोर एक तक्ता असतो. डावीकडे नावं, मग जुना पगार, वाढीची टक्केवारी, नवा पगार. त्यात एक ओळ माझीही असते. नजर आपोआप तिथे जाते, मग वरच्या ओळीवर, मग खालच्या. जिला मी हाताला धरून काम शिकवलं ती माझ्या पुढे गेलेली दिसते. क्षणापूर्वी जो पगार पुरेसा होता तो त्या क्षणी तोकडा वाटायला लागतो. माझ्या ओळीतला आकडा मात्र तोच असतो.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या समुद्रकाठी पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. येशूला धरलं त्या रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारलं होतं; त्या तीन नकारांनंतर तीनदा मिळालेली ही संधी. मेंढरं चारायची जबाबदारी मिळते, पुढे कसं मरण येईल हेही त्याला कळतं. आणि लगेच पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, प्रभू, याचं काय? एवढं सगळं मिळाल्यावर पुढच्याच मिनिटाला नजर शेजारी! प्रभू त्याला दुसऱ्याचा हिशोब उलगडून सांगत नाही. तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये, इतकंच म्हणतो. वाढीच्या महिन्यात माझ्या संगणकाच्या कडेला ही एकच चिठ्ठी असते, आणि ती मोठ्याने वाचल्याशिवाय मी तक्ता उघडत नाही.

त्यानंतर एकेक ओळ घेते आणि त्या माणसासाठी प्रार्थना करते. कर्जाचा हप्ता दिसतो, वडिलांच्या आजारपणातली रजा दिसते, तेव्हा मागायला काही शोधावं लागत नाही. ज्याला भरघोस वाढ मिळाली त्याच्यासाठी आभार मानते, नाव घेऊन. सुरुवातीला हे शब्द कोरडे वाटतात. तरी म्हणायचे. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा अशी आज्ञा रोमकरांस पत्रात १२:१५ ला आहे. आधी आनंद वाटू दे, मग करा, असं तिथे म्हटलेलं नाही. एका गोष्टीपासून मात्र जपा. "त्याचा पगार मोठा, पण त्याच्या घरी सुख कुठे आहे" असं म्हणून मनाची समजूत काढू नका. दुसऱ्याच्या दुःखावर आपलं समाधान उभं करणं हा हेवाच असतो, फक्त जरा सभ्य कपड्यांतला.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट पगारपत्रक बनवणाऱ्या माणसाला खूप जड जाते. मळ्याचा मालक पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार, म्हणजे दिवसाची मजुरी, देतो, आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही एक दीनार. मी असं पत्रक काढलं तर दुपारपर्यंत कार्यालय पेटेल. पण नीट वाचा. पहाटे आलेल्यांशी एकच दीनार ठरला होता आणि तो त्यांना पुरता मिळाला. दुसऱ्याच्या तळहाताकडे बघेपर्यंत तो दीनार पुरेसा होता. शिवाय आपण पहाटेपासून राबलेल्यांपैकी आहोत असं गृहीत धरूनच आपण ही गोष्ट वाचतो आणि रागावतो. एकदा ती शेवटच्या तासाला आलेल्या माणसाच्या जागी उभं राहून वाचा. दिवसभर कोणी कामावर लावलं नाही म्हणून बाजारात उभा राहिलेला, संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जायच्या बेतात असलेला, आणि हातात पूर्ण दीनार. वधस्तंभापुढे मी त्याच रांगेत उभी आहे.

तुमच्यासमोर पगाराचा तक्ता नसेल, पण हातात फोन आहे. कोणाचं नवं घर, कोणाची सहल, कोणाच्या मुलाचं यश दिसलं, की बोट पुढे सरकवण्याआधी त्या माणसाचं नाव घेऊन आशीर्वाद मागा. ते जमलं नाही, तर फोन बाजूला ठेवा. आणि असा आठवडा आला की उपासना चुकवू नका. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात आसाफ दुष्टांची भरभराट बघून जळत होता, त्याला सगळं व्यर्थ वाटत होतं. देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावरच त्याची नजर निवळली. घरात बसून तुलनेतून बाहेर पडता येत नाही. इतरांच्या शेजारी बसून, एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेताना, ज्याचा हेवा वाटला तोही त्याच रांगेत हात पसरून उभा दिसतो.

मग मजा करायचीच नाही का?

करायची. १ तीमथ्य ४ मध्ये पौल लग्न आणि अन्न वर्ज्य करायला सांगणाऱ्यांना खडसावतो: देवाने निर्माण केलेलं चांगलं आहे, उपकारस्तुती करून घ्या. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. उपदेशकसुद्धा दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे खाणंपिणं आणि श्रमात सुख मानणं हे देवाच्या हातून मिळतं असं म्हणतो.

पारख करायला मी दोन प्रश्न सांगते. या गोष्टीसाठी, तिचं नाव घेऊन, आधी आणि नंतर देवाचे आभार मानता येतील का? आणि आठवडाभर ती मिळाली नाही तर माझा स्वभाव बिघडेल का? पहिल्याचं उत्तर नाही असेल तर ती गोष्ट सोडा. दुसऱ्याचं हो असेल तर आठवड्यातून एक दिवस तिचा उपास धरा. वहीत जे सगळ्यात जास्त वेळा आलं असेल, तेच निवडा. त्या मोकळ्या वेळात एक स्तोत्र म्हणा आणि एखाद्या आजारी किंवा एकट्या माणसाला भेटून या. नुसती रिकामी जागा ठेवली तर मन दुसरं काहीतरी शोधतंच. मत्तय ६ प्रमाणे याचा गाजावाजा नको. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, किंवा खाण्याशी मनाचं भांडण असेल, तर अन्नाचा उपास धरू नका.

त्याच वहीत मागच्या पानापासून उलटं उपकार लिहायला लागा. माझी आई अशी नोंद ठेवायची. ती गेल्यावर मी तिची वही वाचली. "देवाचे अनंत उपकार" असं एकही वाक्य त्यात नाही. आहे ते असं: आज गुडघा कमी दुखला. जिना चढताना शेजारणीने हात धरला. पाऊस थांबला तेव्हाच निघायला मिळालं. एकशे तिसरं स्तोत्र उपकार विसरू नको म्हणतं, आणि मग क्षमा, आरोग्य, नाशातून सुटका असे ते एकेक करून सांगतं. मोघम उपकार लवकर विसरले जातात.

हात भरलेले असताना

पौल फक्त उणिवेत राहायला शिकला असं आपण समजतो. त्याच वाक्यांत तो विपुलतेत राहायलाही शिकलो असं म्हणतो, आणि मला वाटतं ते जास्त अवघड असावं. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वचन मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ म्हणतात. म्हणोत. पण पौलाने ते पोट भरलेलं असताना आणि उपाशी असताना सारखंच राहता येण्याविषयी लिहिलं आहे.

अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीने एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या आपल्या सोबत्यांपैकी एकाचा हिशोब दिला आहे. ते त्याचं स्वतःचंच उदाहरण असं मानलं जातं. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८च, दान ३२. मग ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, १२० मिळाले तेव्हा ९२ दिले. रोज पगाराचे आकडे बघणाऱ्या माझ्यासारखीला या हिशोबात एक गोष्ट लगेच दिसते: मिळकत चौपट झाली आणि गरज जागची हलली नाही. आपल्याकडून तेवढं होईलच असं नाही. घरात मुलं असतात, आजारपणं असतात. पण वाढ मिळाली की खर्च आपोआप वाढायलाच हवा, असा काही नियम नाही.

पगारातून जे आधीच कापलं जातं त्याची चुटपुट माणसाला फारशी लागत नाही. हातात आलेलं परत काढून देताना जीव वर होतो. पौल करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगतो (१ करिंथ १६:२), ते मला म्हणूनच फार व्यवहारी वाटतं. वाढीचा पहिला पगार हातात पडायच्या आधी ठरवा, त्यातलं किती कोणाकडे जाणार. आणि देताना शक्य असेल तेव्हा माणसाला भेटा. पैसे पाठवून मोकळं होण्यात हात रिकामा होतो, पण आपली माया आहे तिथेच राहते.

हात रिकामे असताना

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली त्या काळात घर माझ्या एकटीच्या पगारावर चालत होतं. मी दिवसभर इतरांचे पगार मोजायचे आणि घरी येऊन आमचा खर्च मोजायचे. तेव्हा हबक्कूकचा तिसरा अध्याय आम्हा दोघांना आधार झाला. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक फसलं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकेक नुकसान तो मोजून सांगतो आणि मगच म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. आम्ही तसंच केलं. आधी वहीत काय काय गेलं ते लिहिलं, नवऱ्याच्या मनाला लागलेलं सगळं लिहिलं, आणि मग प्रार्थना केली. यादी न करता "सगळं ठीक आहे" म्हणणं हे समाधान नव्हे. तेरावं स्तोत्र "किती वेळ" असं विचारत सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाच्या पुस्तकात आहे.

दुसरी गोष्ट, मदत घ्या. मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे असं लिहून झाल्यावर पुढच्याच वाक्यात पौल फिलिप्पैकरांना म्हणतो, तरी तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. त्यांनी पाठवलेल्या एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती आलेली त्यांची मदत त्याने घेतली होती. समाधानी माणूस कोणाची गरज नसलेला माणूस असतो, ही कल्पना त्याच्याजवळ नव्हती. आमच्याकडे मंडळीतलं एक जोडपं दर आठवड्याला यायचं, उपदेश न करता बसायचं, जाताना प्रार्थना करायचं. तुम्ही कोणाकडे जात असाल तर असंच जा.

आणि एक इशारा, कारण हा विषय फार वेळा चुकीच्या हातात जातो. ज्याची मजुरी अडली आहे, ज्याला घरात मार खावा लागतो, त्याला "समाधान मान" असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचतो. अनुवाद २४:१५ सूर्य मावळायच्या आत मजुरी द्यायला सांगतं. माझ्या पत्रकात कोणाचे जादा कामाचे तास गाळलेले दिसले की मी तो कागद परत पाठवते, उत्तर येईपर्यंत विचारत राहते. माझ्या पगाराबाबत प्रभूपाशी शांत राहणं आणि दुसऱ्याच्या पगारासाठी शांत न बसणं, दोन्ही मी एकाच शास्त्रातून शिकले आहे. स्वतःसाठी योग्य ते मागायलाही हरकत नाही. फक्त उत्तर नाही आलं तरी आपण कोणाचे आहोत हे त्या उत्तराने ठरू देऊ नका. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. प्रार्थना चालू ठेवून जा.

सुरुवात कशी करावी

सगळं एकदम नको. पहिल्या महिन्यात वही आणि सकाळचं स्तोत्र, एवढंच. स्तोत्रं निवडायची तर १६, २३, ३४, ७३, १०३ आणि १३१ यांपासून सुरू करा. एकशे एकतिसावं तीनच ओव्यांचं आहे, ते पाठ होऊ द्या. फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय आठवड्यातून एकदा सलग वाचा. दुसऱ्या महिन्यात एक दिवसाचा उपास आणि तुलनेच्या क्षणी नाव घेऊन आशीर्वाद. दानाचं गणित त्यानंतर, घरातल्यांशी बोलून. आठवड्यातून एक दिवस पगाराचं, अभ्यासाचं, धंद्याचं काम बंद ठेवा, अर्धवट राहिलं असलं तरी.

आणि एक माणूस शोधा. मंडळीतली थोरली बहीण, पाळक, जुना मित्र, कोणीही जो तोंड बंद ठेवू शकतो. आठवड्यातून एकदा त्याला वहीतलं एक पान वाचून दाखवा, पुढचं आणि मागचं दोन्ही. मध्ये काही आठवडे कोरडे जातील, स्तोत्र वाचताना काहीच जाणवणार नाही. तेव्हाही वाचा आणि त्या माणसाला ते तसंच सांगा. त्याने "कसं चाललंय?" असं विचारलं, तर "देवाच्या कृपेने बरं" असं म्हणून विषय संपवू नका.